आधी कोण बसणार

रविवार, २६ ऑक्टोबर

खताच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी वर्षभर फडताळात पडून होती. आज तिचं नशीब उघडलं. कारण ग्रामपंचायतीत मी जे बोलून बसले आहे ते कुठेतरी लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

झालं असं. आमच्या बचतगटाला जुन्या शाळेची रिकामी खोली हवी आहे. तिथे स्वयंपाकघर थाटायचं आणि सालेकशापासून दरेकशापर्यंतच्या लग्नांची जेवणं करून द्यायची. अध्यक्ष मी, अन्नपूर्णा टेंभरे. दोन वर्षं अर्ज देते आहे. आज सरपंच भैयाजी खुर्चीत रेलून म्हणाले, "वहिनी, खोली देऊन टाकू. पन तुमा बायांचं एका चुलीवर जमते का? आपल्या गावात तीन टोल्या अना तीन चुली. मंडईच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाले एका चुलीवरचं, एका पंगतीत जेवू घालून दाखवा. किल्ली तिथंच देतो."

सगळे हसले. म्हणून मी उठले आणि म्हणाले, "घालतो जेवू!"

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. चारशे माणसं! आणि मंडई, म्हणजे आमची दिवाळीनंतरची जत्रा, अवघ्या पंधरवड्यावर. आमची पोवार टोली, गोंडटोली आणि बौद्ध वस्ती. आजवर कधी एका ओळीत बसली नाहीत. गावजेवण झालं तरी पंगती तीन, आणि त्याही आपापल्या टोलीत. आमच्या ह्यांना, म्हणजे शालिकरामजींना, सांगितलं तर ते म्हणाले, "धान कापाचं सोडून हे काय काढलं?" त्यांना धानाशिवाय काही दिसत नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

फिरून फिरून चपलेचा अंगठा तुटला, पण माणसं जमवली.

गोंडटोलीतून शामकला. रानातलं तिला विचारावं, कोणतं पान खावं, कोणतं नाही, कशात काय घालावं. पत्रावळ्यांचं कामही तिच्याच टोलीने घेतलं. बौद्ध वस्तीतून रुख्मा मेश्राम. उलट्या मडक्यावरची लांब रोटी तिच्यासारखी पंचक्रोशीत कोणी टाकत नाही. पीठ इतकं सैल की दोन्ही हातांवरून कोपरापर्यंत लोंबतं, आणि ही ते झुलवत झुलवत तापल्या मडक्यावर अलगद सोडते. मी लांबून पुष्कळदा पाहिलं आहे.

रुख्माशी माझं फार चांगलं. वीस वर्षं आमच्याच बांधीत धानाच्या रोवणीला येते. घरी आली की बाहेर सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, पायरीवर तिची ठरलेली जागा आहे, खिडकीत ठेवलेला तिचा ठरलेला कप आहे. आत यायची नाही, लाजते. मी म्हटलंही असेल कधीतरी आत ये म्हणून. मनात भेदभाव ठेवायचा नाही हे मला लहानपणापासून पटलेलं आहे, हे इथे लिहून ठेवते.

दोन नियम केले आणि सगळ्यांना सांगून टाकले. एक, पैसे कोणाकडूनही घ्यायचे नाहीत, पण प्रत्येक घरातून एक पायली नवे तांदूळ यायलाच पाहिजेत. प्रत्येक घराचा हात लागला पाहिजे. दोन, बाहेरचा पाहुणा एकही नको. मंडईला लेकी-जावई, सोयरे येतात आणि आम्ही बाया दिवसभर चुलीशी. हे जेवण गावाचं, गावासाठी. दोन्ही नियम माझ्याच डोक्यातून निघाले. स्वतःचं कौतुक करू नये, पण आज करते.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आज आमच्या अंगणात पहिला प्रयोग. काय सांगू! हात अजून लाल आहेत आणि धुवावेसे वाटत नाहीत.

कोचईची, म्हणजे अळूच्या कांद्यांची, भाजी मी जन्मभर करते आहे. कोचईच्या कांद्याला आंबट लागतं, नाही तर घसा खाजतो, म्हणून आमच्याकडे ताक. मी ताकाचं भांडं उचललं तर शामकला म्हणाली, "थांबा ना बाई," आणि पदराच्या गाठीतून आंबाडीची लाल बोंडं काढली. ठेचून रस घातला. भाजीचा रंग असा काही उतरला की मी पळसाची फुलंच पाहते आहे असं वाटलं. तोवर रुख्मा पाट्यावर लसूण, जवस आणि भाजलेली मिरची वाटत होती. विचारलं नाही, सवरलं नाही, गोळा उचलून चुलीवरच्या भाजीच्या गंजात टाकला. मी ओरडणारच होते. मग वास आला.

मी चमचाभर चाखली. मग दुसरा चमचा. मग आम्ही तिघी एकमेकींकडे पाहून वेड्यासारख्या हसत सुटलो. ही कोणाची भाजी? माझी नाही, शामकलाची नाही, रुख्माची नाही. माझ्या आईने ती केली नसती आणि त्यांच्याही आयांनी केली नसती. आज ती पहिल्यांदाच जगात आली आणि माझ्या गंजात आली!

रोटीचं मात्र फसलं. रुख्माला त्रास नको म्हणून पीठ मीच घरात चाळून मळून ठेवलं होतं. मडकं कुंपणाबाहेर तणसीच्या ढिगापलीकडे मांडून दिलं, धूर होतो म्हणून. रोटी हातावरच तीनदा फाटली. रुख्मा म्हणाली, "हे पीठ माह्या हातचं नाई." मी म्हटलं, गहू जुना असेल. ती मडकं पालथंच ठेवून घरी गेली. कलाकार माणसं अशी तापट असतात.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दोन दिवस रुख्मा फिरकली नाही. कापणीचे दिवस, दमली असेल असं मी धरून चालले. शामकलाला विचारलं तर म्हणाली, "तिलेच विचारा ना बाई."

आज सकाळी दूध नासलं. चहा नाही म्हणून डोकं ठणकत होतं, तशीच उन्हात रुख्माच्या घरी गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगणात एवढा वेळ उभी राहिले. किती स्वच्छ अंगण! तुळशीवृंदावनासारखी कुंडी, त्यात झेंडू. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो. तिने खाट टाकली, चहाचं विचारलं. मी म्हटलं, आत्ताच घेऊन आले. मग कामाचं बोलले.

ती म्हणाली, "बाई, रोटी पायजे असन तं पीठ मी मळीन. माह्या घरी, माह्या परातीत. तुमच्या घरचं पीठ मी नुसतं टाकून देऊ का? मंग मी रोटी करनारी नाई होत. मी मडक्याजवरची मजूर होतो."

एवढ्याशा परातीवरून एवढा हट्ट! मी म्हटलं, बरं, तुझ्या घरी. तिने एकदा मान हलवली. वाटेत मला वाटलं की आपण फार मोठं मन दाखवलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आमच्या गल्लीत कुजबुज. "पीठ तिच्या घरी मळनार म्हने." कोणी तोंडावर काही बोलत नाही, पण मी विहिरीवर गेले की बोलणं थांबतं. ह्यांनी जेवताना सुचवलं, "दोन्ही टोल्यांना शिधा वाटून द्या. आपापलं शिजवतील. भैयाजीला काय समजते!"

लहानपणी आमच्या घरी असंच व्हायचं. बाबा सुपातून तांदूळ, डाळ, मीठ, मिरची द्यायचे आणि दुसऱ्या टोल्यांतले लोक झाडाखाली तीन दगड मांडून शिजवायचे. मला तेव्हा ते फार उदारपणाचं वाटायचं. आज ह्यांच्यावर एवढी चिडले की भात करपला. मी चारचौघांत शब्द दिला आहे. एक चूल म्हणजे एक चूल.

पण खरं लिहायचं तर भीती वाटते आहे. पत्रावळी मांडल्या आणि कोणी बसलंच नाही तर? खोली गेली तर गेली. रुख्माचं काय होईल? भर गावात तिची रोटी कोणी उचलली नाही तर ती परत माझ्याशी बोलेल का? सारखं तेच डोक्यात येतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

जमलं! जमलं! जमलं!

रुख्मा डोक्यावर परात घेऊन आली, वर ओलं फडकं. पीठ रेशमासारखं. मडकं या वेळी मी कुंपणाच्या आत घेतलं, धूर झाला तर झाला. तिने पीठ हातांवर घेतलं, झुलवलं, कोपरापासून बोटांपर्यंत ताणत नेलं आणि टाकलं. पलीकडचा तिचा हात त्यातून दिसत होता! पटापट बुडबुडे आले. सोळा रोट्या झाल्या, एकही फाटली नाही. शामकलाने नव्या तांदळाच्या खिरीत भाजलेली मोहफुलं घातली. मोहफुलं म्हटल्यावर हे लगेच येऊन उभे राहिले. शामकला म्हणाली, "भाऊजी, ह्यातनं चढत नाई." ते तरीही दोन वाट्या प्याले.

शेजारची पोरं, शामकला, तिचा सासरा उदारामबाबा सगळ्यांनी रोटी कोचईच्या रश्श्यात बुडवून खाल्ली. बाबांनी बोटं चाटली. मी नेमका आजपासून शनिवार धरला आहे, त्यामुळे मला चाखता आली नाही. पण वासावरूनच कळतं. रुख्माने मला विचारलं, "कवापासून शनिवार?" मी म्हटलं, आजपासूनच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मंडई. घरात चौदा पाहुणे. दंडारीच्या नाचाचा ढोल ऐकू येतो, बघायला वेळ नाही. उद्या! झोप येणार नाही आणि नाचावंसंही वाटतं आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सगळं जसं घडलं तसं लिहिते. मला बरं दिसेल असं काही करून लिहिणार नाही.

पहाटेच पाहुणे वाटेला लावून दिले आणि शाळेच्या पटांगणात गेले. रुख्मा आणि तिच्या वस्तीतल्या पाच जणींनी सहा मडकी मांडली होती. सहा जणींचे हात एका वेळी वर जायचे आणि सहा रोट्या एका वेळी पडायच्या. बघायला पोरं झाडावर चढली. आमच्या टोलीतल्या बाया कोचई सोलत होत्या आणि शामकलाच्या बाया त्यांना हाताला तेल लावा म्हणून सांगत होत्या, नाही तर खाजेल. कोणाची पळी कोणाच्या गंजात होती त्याचा पत्ता नव्हता. भात, लाखोळीची दाळ, कोचई, जवसाची चटणी, खीर. इतकं सुंदर काम मी जन्मात केलं नाही. साडेअकराला सगळं तयार. भोंग्यावरून पुकारलं. पळसाच्या पत्रावळ्या दोन लांब ओळींत मांडल्या.

गाव आलं. चारशेच्या वर. आणि उभं राहिलं.

आमच्या टोलीतले निंबाखाली, गोंडटोली भिंतीकडे, बौद्ध वस्ती मडक्यांच्या मागे. कोणी बसेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रोट्या गार होऊ लागल्या. मी भैयाजींना म्हटलं, "तुमी बसा ना." ते म्हणाले, "मी कसा आदी बसू?" आणि दुसरीकडे बघत गमछा झटकू लागले. आमच्या बाया पदराखाली हात घेऊन उभ्या. माझ्या डोळ्यांपुढे विहिरीवरची कुजबुज आली. मी रुख्माकडे पाहिलं. कोपरापर्यंत पीठ लागलेले हात तसेच धरून ती उभी होती.

माझं डोकं फिरलं. मी मधोमध जाऊन ओरडले, "काऊन उभे आहा सारे? रुख्माच्या घरी मळलेलं पीठ आये म्हनून बसून नाई राहिले ना? तिची रोटी गळ्याखाली उतरत नाई ना? तोंडानं सांगा!"



उदारामबाबा काठी टेकत पुढे आले. गोंधळल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "बाई, कायले रागावून राहिल्या? त्या भातात माह्या घरचे तांदूर आये. पत्रावळ्या माह्या सुनेनं लावल्या. घरवाला पाहुन्याच्या आदी कसा जेवन? आमी पाहुन्याची वाट पाहून राहिलो. पाहुने कुठं आये?"

निंबाखालून आमच्याच टोलीतल्या एक म्हाताऱ्या चुलत सासूबाई बोलल्या, "आमी बी तेच पाहून राहिलो. आमचे बी तांदूर आये. पहिले पाहुने बसतील, मंग आमी."

भैयाजी म्हणाले, "अना मी तं सरपंच. साऱ्या गावाचा यजमान."

प्रत्येक घरातून तांदूळ मी मागितले. पाहुणा एकही नको असं मीच ठरवलं. अख्खं गाव यजमान झालं होतं आणि आधी जेवणं कोणालाच बरं दिसत नव्हतं. एरवी एवढ्यावर सगळे पोट धरून हसले असते. पण कोणी हसलं नाही, कारण मी जे बोलले होते ते सगळ्यांच्या कानांत होतं.

रुख्मा माझ्याजवळ आली. आवाज न चढवता म्हणाली, "बाई, इथं कोनाच्या मनात ते होतं का नव्हतं, मले मालूम नाई. तुमच्या तोंडातून निंगालं."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. ती मडक्याकडे गेली, नवी रोटी टाकली, भाजू दिली, दुमडली आणि हातात घेऊन आली. पहिल्या पत्रावळीकडे बोट करून म्हणाली, "बसा."

"मी? मी तं..."

"पाहुना पायजे ना साऱ्याइले? वीस वर्सांत माह्या घरचा घास तुमच्या पोटात गेला नाई. हे पीठ माह्या घरचं. मंग माही पाहुनी तुमीच. बसा, रोटी थंडी होऊन राहिली."

चारशे माणसांपुढे मी एकटी जमिनीवर बसले. तिने रोटी वाढली. शामकलाने कोचई वाढली. मी तुकडा मोडला. तो कापडासारखा मऊ, कडेला किंचित करपलेला होता, त्याला मडक्याच्या मातीचा वास होता. पहिला घास गिळता आला नाही, कारण रडू आलं. दुसरा गेला. तिसऱ्याला मी विसरलेच की लोक बघत आहेत. इतकी चांगली चीज मी वीस वर्षं कुंपणावरून बघत होते, मूर्ख बाई!

मग उदारामबाबांनी भैयाजींचा हात धरला. "चाला, तुमी माहे पाहुने." भैयाजी बसले. आमच्या त्या म्हाताऱ्या सासूबाईंनी रुख्माच्या जावेला ओढून बसवलं. शामकलाने आमच्या ह्यांना बसवलं. मग एकच धांदल उडाली. जो तो दुसऱ्या टोलीतला पाहुणा धरून आणू लागला, एकाच पाहुण्यावरून दोन घरं भांडू लागली! अर्धं गाव बसलं, अर्ध्याने वाढलं. मग बसलेले उठले आणि वाढणारे बसले. कोण कोणाशेजारी बसलं हे मला आता आठवूनही सांगता यायचं नाही. भैयाजींनी तोंडात घास असतानाच डाव्या हाताने खिशातली किल्ली काढली. मी म्हटलं, "जेवून घ्या आदी."

खीर संपली. कोचईचा गंज पोरांनी रोटीने पुसून काढला. रुख्मा अजून जेवली नव्हती. मी पत्रावळ मांडली, तिचा हात धरला. तिने हात सोडवून घेतला नाही, पण बसलीही नाही. म्हणाली, "इथं नाई, बाई. इथं मी घरवाली आये, मी मागून जेवीन. पाहुनी होऊन जेवाचं असन तं तुमच्या घरी. बोलवाल तवा."

ती शेवटी जेवली, मडक्यांच्या जवळ, आपल्या पाच जणींबरोबर. मी लांबूनच बघितलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दोन दिवस लिहिलं नाही. खोली झाडली, चुलींच्या जागा आखल्या, दरेकशाहून एका साखरपुड्याची विचारणाही आली. सगळ्या जणी हवेत आहेत. मीही आहे. पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी.

सकाळी रुख्माच्या घरी गेले आणि तिला, तिच्या नवऱ्याला, मुलाला, सुनेला आणि जावेला उद्या दुपारी जेवायला बोलावून आले. तिने विचारलं, "बसाचं कुठं?" मी म्हटलं, "माजघरात. आमी बसतो तिथं." ती म्हणाली, "येतो."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मी भांडायची तयारी करून उभी होते. ते म्हणाले, "माजघरातला बल्ब गेला आये. बदलून ठेवतो." आणि शिडी आणायला गेले.

आता काय करू? सुवारी तळू की वडे? दाळीत लसूण तिच्यासारखी पडेल का? चटणी एकदा वाटली ती कडू झाली, टाकून दिली. चारशे माणसांचा स्वयंपाक करताना एक चिमूट चुकली नाही, आणि उद्या पाच माणसं येणार आहेत तर मिठाचा अंदाज चुकतो आहे. मनातून इतकी आनंदले आहे आणि इतकी घाबरले आहे की दोन्हींतलं काय जास्त ते कळत नाही. रुख्मा पहिला घास घेईल तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईल का मला? बघणारच मी. वाढायला उभी असेन, उद्या माझं जेवण सगळ्यांच्या मागून.